आईच्या हातावर सारखे काळेनिळे डाग येतायत, जरा कुठे लागलं की कातडी सोलवटते. काय काळजी घ्यायची?

प्राजक्ता_डोंबिवली

नमस्कार मंडळी, प्रश्न आईबद्दल आहे. वय ८१, अंगाने बारीक, २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी झाली तेव्हापासून इकोस्प्रिन (ऍस्पिरिन, रक्त पातळ करायची गोळी) चालू आहे, सोबत बीपीची गोळी, शुगर वगैरे नाही. साधारण वर्षभरापासून कोपराच्या खाली दोन्ही हातांवर जांभळे डाग पडतायत, कधी रुपयाएवढा कधी तळहाताएवढा, आणि गंमत म्हणजे तिला विचारलं कुठे लागलं तर म्हणते कुठेच नाही. दुखतही नाही. एक जातो तोवर दुसरा हजर, आणि गेला तरी तिथे चहा सांडल्यासारखा तपकिरी रंग राहतो. हल्ली तर कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीय, मागच्या आठवड्यात बाथरूमच्या कडीला हात घासला तर इंग्रजी व्ही आकारात सोललीच, रक्त थांबेना, मी घाबरून हळद दाबली.

खरी डोकेदुखी वेगळीच. दिवसा ब्यूरोकडून आईला सांभाळायला मावशी येतात, चांगल्या आहेत, आईचं त्यांच्याशी जमतं. पण दादा बंगळुरूहून आला, आईचे हात बघितले आणि बोटं उमटलीत म्हणे, म्हणजे ही बाई आईला ओढते किंवा मारते, आणि सरळ मावशींनाच विचारलं, त्या बिचाऱ्या रडायला लागल्या. आता घरात वातावरण असं की विचारू नका. तर हे वयामुळे होतं का गोळीमुळे, गोळी थोडे दिवस बंद ठेवून बघावी का, आणि रोजचं काय करायचं ते कुणी अनुभवी सांगेल का?

त्वचा_वाली_डॉक

प्राजक्ताताई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे पण फोटो न बघता निदान करत नाही, तेव्हा जनरल सांगते. आधी तुमचा गोळी बंद ठेवायचा प्रश्न. इकोस्प्रिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. एक दिवससुद्धा. स्टेंट (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) असलेल्या माणसाची अशी गोळी परस्पर थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी व्हायचा धोका असतो, आणि दोनचार दिवस थांबवून डागांना फरकही पडत नाही, कारण ऍस्पिरिन ज्या प्लेटलेटला (रक्त गोठवणाऱ्या पेशीला) चिकटली ती तिच्या उरलेल्या आयुष्यभर कामातून जाते आणि प्लेटलेटचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं असतं. म्हणजे डाग तसेच आणि वर हार्टचा धोका. हे कार्डिऑलॉजिस्टनाच विचारा, बहुतेक ते चालू ठेवा म्हणतील.

वर्णनावरून जे वाटतंय त्याला सिनाइल परप्युरा म्हणतात. लंडनचे डॉक्टर थॉमस बेटमन यांनी १८१८ साली याचं वर्णन केलं, म्हणजे गोळ्या नव्हत्या तेव्हाही म्हाताऱ्या हातांवर हे येतच होतं. होतं काय की वयाने आणि आयुष्यभराच्या उन्हाने कातडीच्या मधल्या थरातलं कोलॅजन कमी होतं, बारीक रक्तवाहिन्यांना आजूबाजूचा आधार राहत नाही, मग कुशी बदलताना, बाही वर सरकवताना, कुणी नुसता हात धरला तरी त्या फुटतात. रक्त कातडीत पसरतं. लागल्याचं कळत नाही कारण खरंच फारसं लागलेलं नसतं. एक ते तीन आठवड्यांत डाग फिका होतो पण रक्तातल्या लोहाचा रंग मागे राहतो, तोच तुमचा चहाचा डाग. साध्या मुक्या मारासारखा हिरवा पिवळा होत जात नाही, जांभळ्याचा थेट तपकिरी होतो, ही एक ओळखायची खूण. ठिकाण पण ठरलेलं, कोपराखालची बाहेरची बाजू आणि पंजाची पाठ, म्हणजे उन्हात उघडा राहणारा भाग.

ऍस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ करायच्या बाकी गोळ्या यांनी हे वाढतं, आणि सगळ्यात जास्त वाढतं स्टिरॉइडने. खाज येते म्हणून केमिस्टकडून आणलेलं मलम वर्षानुवर्षं लावणारे पेशंट मी रोज बघते, कातडी आणखी पातळ होऊन बसते. दम्याचा पंप मोठ्या डोसमध्ये असेल तरी होतं. आणि गुडघ्यांसाठी कुणाकडून बिनलेबलची पुडी चालू असेल तर ती आधी दाखवा, अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. सांधेदुखीला डायक्लोफेनॅक आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या इकोस्प्रिनच्या जोडीला नकोत, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. फिश ऑइल, गिंको, लसणाच्या कॅप्सूल घेत असतील तर तेही सांगा, लोक या गोष्टी औषधात धरतच नाहीत.

एकदा सीबीसी (प्लेटलेटसकट), लिव्हर, किडनी आणि पीटी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट) करून घ्या. प्लेटलेट दीड ते साडेचार लाखात असतील आणि डाग हातांवरच असतील तर निवांत. निवांत कधी राहायचं नाही: हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी डांबरासारखी शौच, लघवी लाल, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, पोट पाठ मांड्या इथे काहीच न लागता मोठे डाग, किंवा एकाएकी महिन्याभरात हे सगळं सुरू झालं तर. पावसाळ्यात ताप असताना असे ठिपके आले तर डेंगी डोक्यात ठेवा.

नाना_सातारकर

माझं वय ७८, मी पण याच बोटीत. ठोके अनियमित म्हणून अपिक्साबॅन, रक्त पातळ करायची गोळी, चालू आहे. आयुष्य एसटीत ड्रायव्हर म्हणून गेलं, उजवा हात कायम खिडकीत, कोपर बाहेर, वर ऊन. आता बघा, डाग उजव्या हातावर डाव्याच्या दुप्पट तिप्पट. स्किनच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर हसल्या, म्हणाल्या नाना उन्हानेच सही केलीय.

दुखत नाही काही नाही, पण लोकांच्या नजरा. लग्नात गेलो की कोणीतरी हात धरून विचारणार, काय हो सुनेनं बदडलं का? पहिल्यांदा हसलो, आता फुल बाह्यांचा शर्ट घालतो, सुटसुटीत पडला. मनगटाचं बटण मात्र घट्ट नको, तिथेच रेघ उठते. घड्याळ सोडलं, वेळ मोबाइलात दिसतो की. आणि प्राजक्ताबाई, बंधूंना म्हणावं माझ्याकडे कोणी मावशी नाही, मी एकटा राहतो, तरी माझ्या हातावर बोटं उमटलेली दिसतात.

शिल्पा_मेलबर्न

मी इथे वृद्धाश्रमात नर्स आहे, त्यामुळे हे रोजचंच काम. इकडे कातडी अशी सोलवटण्याला स्किन टेअर म्हणतात आणि प्रत्येक टेअरचा रिपोर्ट भरावा लागतो, इतकं कॉमन आणि इतकं सीरियसली घेतात. एक गोष्ट आवर्जून सांगते, क्रीम. पर्थकडच्या वृद्धाश्रमांमध्ये एक अभ्यास झाला होता, २०१४ साली प्रसिद्ध झाला, हातापायांना दिवसातून दोनदा साधं मॉइश्चरायझर लावलं तर सोलवटणं जवळजवळ निम्म्यावर आलं. निम्म्यावर! महागडं काही नाही, वासाचं नसलेलं साधं क्रीम. व्हॅसलीन चालतं, खोबरेल पण चालेल पण मग हात धरताना आणि बाथरूममध्ये निसटतं तेव्हा रात्री लावा. चोळायचं नाही. आंघोळीनंतर टॉवेलने टिपून घ्यायचं, खसाखसा पुसायचं नाही, अंग दमट असतानाच हलक्या हाताने केस ज्या दिशेला जातात त्या दिशेने लावायचं. पाणी कोमट, साबण रोज सगळ्या अंगाला नको, वज्री आणि जाड पंचा तर घराबाहेरच ठेवा.

आता सोललं तर काय. घाबरायचं नाही, स्वच्छ गॉझ ठेवून पाच दहा मिनिटं दाबून धरा, हात उशीवर उंच, मध्येमध्ये उचलून बघायचं नाही. मग सलाइनने नाहीतर उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. हळद कुंकू डेटॉल स्पिरिट पेरॉक्साइड काहीही नको, हळद तर नंतर काढताना जीव जातो. सगळ्यात महत्त्वाचं, लोंबणारी कातडी कापायची किंवा ओढून काढायची नाही!! तीच बेस्ट ड्रेसिंग आहे. ओल्या गॉझने किंवा ओल्या इअरबडने ती हळूच परत जागेवर सरकवायची, ताणायची नाही, जेवढी येईल तेवढीच. वर न चिकटणारं ड्रेसिंग, सिलिकॉनचं मिळालं तर उत्तम पण भारतात महाग पडतं, केमिस्टकडे पॅराफिन गॉझ मिळतो तो घ्या, त्यावर साधा गॉझ आणि वरून सैल रोलर बँडेज. चिकटपट्टी बँडेजवर लावा, कातडीवर कधीच नाही, साधी बँडएडसुद्धा नाही. आम्ही ड्रेसिंगवर पेनाने बाण काढतो, कातडी ज्या बाजूने जोडलेली आहे तिकडून सुटलेल्या टोकाकडे, म्हणजे पुढचा माणूस त्याच दिशेने काढतो आणि बसलेली कातडी परत उचलत नाही. तारीख पण लिहायची. रोज उघडून बघायचा मोह होतो, सिलिकॉन असेल तर चारपाच दिवस हात लावू नका, पॅराफिन सुकून चिकटलं तर आधी सलाइनने भिजवा.

टाके घालायला जाऊ नका असं नाही म्हणत, पण एवढ्या पातळ कातडीत टाका धरत नाही, डॉक्टर पण शक्यतो टाळतात. जखम खोल असेल, पिवळी चरबी दिसत असेल, कातडी काळी निळी पडली, रक्त थांबत नसेल, भोवती लाली पसरत असेल किंवा पायाच्या नडगीवर असेल तर दाखवाच. टिटॅनसचं विचारून घ्या.

अद्वैत८८

आर्निका ३० (होमिओपॅथीचं औषध) सकाळ संध्याकाळ आणि वरून आर्निका तेल, माझ्या आजीला फरक पडला. आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लावलं की साकळलेलं रक्त पांगतं, जुनी माणसं हेच करायची.

त्वचा_वाली_डॉक

अद्वैत, डाग आपलाआपण दोनतीन आठवड्यांत जातोच त्यामुळे जे लावलं त्याला श्रेय मिळतं 🙂 आर्निका सोललेल्या कातडीवर नको, आणि कोरडा लेप वाळल्यावर खरवडून काढायला लागतो, तिथेच नवीन जखम. आयोडेक्स चोळणं पण नको, बाम पण नको. ताजा डाग असेल तर पहिल्या दिवशी कपड्यात गुंडाळलेला गार पाण्याचा घडी केलेला रुमाल दहा मिनिटं, बस. व्हिटॅमिन के च्या गोळ्यांचा उपयोग नाही जोवर ते कमी नाही, आणि कुणी ऍसिट्रोम किंवा वॉरफरिन या रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असेल तर त्यांनी तर मुळीच नको.

खाण्याचं मात्र विचारा. दात नाहीत म्हणून फळं बंद, चहाबरोबर टोस्ट आणि रात्री मऊ भात असं वर्षभर चाललं की व्हिटॅमिन सी खरंच कमी पडतं, आणि मग हिरड्या सुजतात, जखम भरत नाही. आवळा, पेरूचा गर बिया काढून, लिंबू पिळलेलं वरण (गॅसवरून उतरल्यावर पिळा). आणि प्रोटीन. बारीक झालेल्या आईला रोज एक अंडं किंवा वाटीभर पनीर किंवा घट्ट वरण गेलं तर कातडीला काहीतरी माल मिळेल.

कलेक्शनवाला_पुणे

मी घरोघरी जाऊन रक्त घेतो. छोटीशी सूचना. अशा आजीआजोबांचं ब्लड काढलं की घरचे म्हणतात आजी हात दुमडा. दुमडायचा नाही. दुमडला की सुईच्या जागेवरून आत रक्त पसरतं आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो की तुमच्या माणसाने हात काळा केला. हात सरळ, कापूस ठेवून बोटाने दाबायचं, नुसतं ठेवायचं नाही, पाच मिनिटं, इकोस्प्रिनवाल्यांना जास्त. आणि आधीच सांगा की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, म्हणजे आम्ही पट्टा शर्टाच्या बाहीवरून बांधतो आणि चिकटपट्टी लावत नाही. बीपीचं घरचं मशीन असेल तर पातळ बाहीवरून चालतं, दिवसातून पाचपाच वेळा मोजत बसू नका, त्याच्या पट्ट्याने पण ठिपके उठतात.

वैशाली_के

थोडं दुसऱ्या बाजूचं लिहिते, कुणाला राग येऊ नये. आमच्या आत्याच्या बाबतीत खरंच मारहाण होत होती आणि आम्ही सगळे वय झालंय, कातडी नाजूक झालीय म्हणत राहिलो. डाग कुठे होते ते नंतर लक्षात आलं: दंडाच्या आतल्या बाजूला, कानामागे, मानेवर, मांडीच्या आत. तिथे बाथरूमची कडी लागत नाही. शिवाय ती बाई खोलीत आली की आत्या गप्प व्हायची. त्यामुळे दादाने विचारलं यात चूक नाही, कसं विचारलं हा भाग वेगळा. आईशी एकटीने बोला, मावशी नसताना, आणि हात सोडून बाकी अंग आंघोळीच्या वेळी बघा. कुणाला गरज लागली तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे.

शिल्पा_मेलबर्न

वैशालीला प्लस वन, जागा बघणं फार महत्त्वाचं. आणि तरी बोटं उमटलेली दिसतात याचं साधं कारण सांगते. मावशी आईला खुर्चीतून उठवताना कुठे धरतात ते बघा. नव्वद टक्के जण मनगट किंवा कोपराखालचा हात पकडून ओढतात, घरचे पण, मुलगा पण. आजींचं सगळं वजन त्या चार बोटांवर. धरायची पद्धत बदला: पंजा उघडा ठेवून त्यांच्या हाताखाली द्यायचा, त्यांनी तुमचा हात धरायचा, तुम्ही त्यांचा नाही. दुसरा हात कमरेमागे. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरला तर आणखी सोपं, फिजिओकडे मिळतो. आधी आजींना खुर्चीच्या कडेला पुढे सरकवा, पाय मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं वाकू द्या, मग बऱ्याचदा ओढायला लागतच नाही. कॉटवर वर सरकवताना काखेत धरून ओढू नका, अंगाखाली आडवी चादर घालून दोघांनी चादर उचला. मावशींची नखं कापलेली, हातात अंगठी कडं नको. हे त्यांना रागावून नाही, एकदा करून दाखवून शिकवा, ब्यूरोवाले शिकवत नाहीत.

आईंच्या हातात पाटल्या आहेत का? असतील तर कडेवरून बोट फिरवून बघा, पेचाची असेल तर पेच बाहेर आलाय का बघा. साडीच्या सेफ्टी पिना, गाउनच्या चेन, वॉकरचे स्क्रू, कॉटचा लोखंडी अँगल, व्हीलचेअरची पाय ठेवायची पट्टी. नडग्या तिथेच सोलवटतात. अँगलला जुन्या पाइपचा फोम बांधा. बाह्यांसाठी जुने जाड सुती मोजे घ्या, पुढचा बोटांचा भाग कापून हातावर चढवा, कोपरापर्यंत येतात, सैल असले पाहिजेत. स्कूटरवाल्या मुलींचे ते उन्हाचे स्लीव्ह घट्ट असतात, ते चढवता काढतानाच सोलेल. रात्री बाथरूमपर्यंत दिवा.

नाना_सातारकर

मोज्यांची आयडिया झकास. बायकोच्या जुन्या मोज्यांना आता काम मिळालं.

एक राहिलं, पडलो आणि डोकं आपटलं तर. मला डॉक्टरांनी बजावलंय, रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोक्याला मार लागला तर टेंगूळ आलं नाही, चक्कर नाही म्हणून घरी बसायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल, ते सीटी स्कॅन करायचं का बघतात. आत रक्त हळूहळू साठतं म्हणे. हातावरच्या डागांना काय, ते दिसतात तरी.

प्राजक्ता_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. अपडेट देते. काल आंघोळीला मीच गेले, डाग फक्त कोपराखाली आहेत आणि एक नडगीवर, दंड पाठ मांड्या स्वच्छ. आईशी एकटीशी बोलले, तर ती माझ्यावरच उखडली की त्या पोरीला कशाला बोल लावता, ती नसती तर मला भात कोण भरवणार. दादाने आज व्हिडिओ कॉलवर मावशींशी नीट बोलणं केलं, अजून थोडं अवघडलेलं आहे पण त्या उद्या येणार म्हणाल्यात. शिल्पाताईंनी लिहिलेलं उठवायचं दादालाच करून दाखवलं, कारण येताना जाताना मनगट धरून ओढतो तोच.

सीबीसी आणि बाकीच्या टेस्ट उद्याला लावल्यात, हात सरळ ठेवायला सांगितलंय. शोधाशोध केली तर कपाटात खाजेच्या मलमाच्या दोन अर्ध्या ट्यूब निघाल्या, वरचं नाव वाचून कळेना, त्या स्किनच्या डॉक्टरांकडे घेऊन जाणार. डॉक, अशा ट्यूब एकदम बंद करायच्या का हळूहळू? आणि पाटल्यांचं म्हणाल तर एकीचा पेच खरंच वर आलाय, पण ती काढायला तयार नाही, म्हणते हे गेल्यावर मंगळसूत्र उतरवलं तेव्हा हात तरी भरलेले राहू दे म्हणाले होते सगळे. मग सोनाराला घरी बोलावलंय, हातातच घासून देतो म्हणाला.

त्वचा_वाली_डॉक

ट्यूबचं नाव आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं घटकद्रव्य, दोन्हीचा फोटो घेऊन तुमच्या डॉक्टरांना दाखवा. रोज बरेच महिने लावलं असेल तर एकदम थांबवून कातडी भडकू शकते, ते दिवस आड, मग आठवड्यातून दोनदा असं कमी करून देतील. अधूनमधून लावत असतील तर थांबवायला हरकत नसते. आणि सोनार घासताना पाटलीच्या खाली जाड कापडाची घडी घालायला सांगा, कानस घसरली तर थेट मनगटावर येईल.